अथाबास्का हिमनदीवर गाईडबरोबर जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅल्गरी-एडमंटनकडच्या मराठी घरांत उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की बॅन्फ-जास्परची सहल ठरलेलीच असते. मग अथाबास्का हिमनदीबद्दल तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात: गुडघे चालतील का, गाडीने जायचं की पायी, एवढे पैसे घालावेत का. भारतातून टूर कंपनीबरोबर येणाऱ्यांचे प्रश्नही फारसे वेगळे नसतात. त्या सगळ्यांसाठी हे पान.

ही हिमनदी आहे कुठे?

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, जास्पर नॅशनल पार्कच्या दक्षिण टोकाला. लेक लुईज आणि जास्पर यांना जोडणारा आइसफील्ड्स पार्कवे हा २३२ किलोमीटरचा डोंगरातला रस्ता तिच्या समोरूनच जातो. जास्परपासून ती साधारण १०० किलोमीटरवर आहे आणि लेक लुईजपासून सुमारे १३०. कॅल्गरीहून एका दिवसात जाऊन येता येतं, पण एका बाजूचंच अंतर ३०० किलोमीटरच्या वर भरतं. वाटेत बो लेक, पेटो लेक यांसारखी तळी आहेत, तिथे थांबल्याशिवाय कोणी राहत नाही. वयस्कर माणसं बरोबर असतील तर जास्पर, बॅन्फ किंवा लेक लुईजला मुक्काम करा. पहाटे निघून रात्री घरी परतायच्या घाईत हिमनदीच्या वाट्याला जेमतेम तासभर येतो.

हिमनदी म्हणजे गोठलेली नदी का?

नाही. नदीचं पाणी गोठून हिमनदी होत नाही. उंचावर दरवर्षी जेवढा बर्फ पडतो तेवढा उन्हाळ्यात वितळत नाही. उरलेले थर एकावर एक साचतात, वरच्या वजनाने खालचे दबतात, त्यांतली हवा निघून जाते आणि भुसभुशीत हिमाचा घट्ट बर्फ होतो. हा बर्फ पुरेसा जाड झाला की स्वतःच्या वजनाने उताराकडे सरकू लागतो. खोलवरचा बर्फ दाट काकवीसारखा संथ वाहतो. वरचा थर मात्र ठिसूळ असतो, तो वाकत नाही, तडकतो. हिमनदीवरच्या भेगा अशाच पडतात.

अथाबास्काला बर्फ पुरवणारा साठा म्हणजे कोलंबिया आइसफील्ड, दोनशेहून जास्त चौरस किलोमीटरचं हिमक्षेत्र. त्यातून अनेक हिमनद्या वेगवेगळ्या दिशांना उतरतात, त्यांतली रस्त्यावरून सगळ्यांत सहज दिसणारी ही. लांबी सुमारे ६ किलोमीटर, जाडी जागेनुसार ९० ते ३०० मीटर. वरच्या कड्यांवरून उतरताना बर्फ वर्षाला शंभर मीटरहून जास्त सरकतो, खाली टोकाकडे त्याचा वेग बराच मंदावतो.

याच हिमक्षेत्रावरच्या स्नो डोम शिखराच्या उतारांवर वितळणारं पाणी तीन महासागरांकडे जातं: पॅसिफिक, आर्क्टिक आणि हडसनच्या उपसागरामार्गे अटलांटिक. तुम्ही ज्या बर्फावर उभे राहाल त्याचं पाणी सनवाप्ता नदीतून अथाबास्का नदीला मिळतं आणि शेवटी मॅकेन्झी नदीतून आर्क्टिकला पोचतं.

बर्फावर जायला पर्याय कोणते?

दोन. मोठ्या चाकांच्या गाडीतून बर्फावर उतरून आखलेल्या जागेत वीस-तीस मिनिटं फिरायचं, किंवा गाईडच्या मागे क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे धातूचे दात) घालून काही तास पायी चालायचं. पायी टूरमध्ये अर्ध्या दिवसाची आणि पूर्ण दिवसाची असे प्रकार असतात.

ज्यांना दोन-तीन तास चढ-उतार चालता येतं त्यांनी पायीच जावं, असं माझं ठाम मत आहे. गाडीतून हिमनदी दिसते खरी, पण भेगेच्या काठाशी थांबून आत पाहणं, बर्फाखाली खळखळणारं पाणी ऐकणं, पायाखालचा बर्फ दर काही पावलांनी कसा बदलतो ते कळणं हे चालल्याशिवाय मिळत नाही. ज्यांना चालणं जमत नाही त्यांच्यासाठी गाडीची सोय फार मोलाची आहे. घरातले काही जण पायी आणि आई-बाबा गाडीने, अशी विभागणी खुशाल करा. वेळा जुळवून घेतल्या की सगळे संध्याकाळी एकत्र येतात.

त्या गाडीत विशेष काय आहे?

तिला आइस एक्स्प्लोरर म्हणतात. माणसाच्या उंचीएवढी सहा चाकं, टायरमध्ये हवा कमी, त्यामुळे वजन पसरून बर्फावर पकड मिळते. ५६ प्रवासी बसतात. रस्त्यालगतच्या डिस्कव्हरी सेंटर या पर्यटक केंद्रातून साध्या बसने वर नेतात आणि तिथे या गाडीत बसवतात. मग गाडी हिमोढावरून, म्हणजे हिमनदीने रचलेल्या मातीदगडांच्या बांधावरून, बर्फाकडे उतरते. हा उतार ३२ टक्के आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना बत्तीस मीटर खाली. गाडी इथे अगदी हळू चालते. उताराची भीती वाटणाऱ्यांनी मधल्या रांगेत, खिडकीपासून दूर बसावं.

२०२० मध्ये अपघात झाला होता ना?

हो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. १८ जुलै २०२० रोजी यातली एक गाडी बाजूच्या हिमोढाच्या उतारावर उलटली. तीन प्रवासी मृत्युमुखी पडले आणि अनेक जखमी झाले. त्या हंगामात गाड्या थांबल्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाल्या. आपल्या हातात आहे ते आपण करावं: सीटबेल्ट लावावा, फोटोसाठी चालत्या गाडीत उभं राहू नये, आणि मुलांना मांडीवर न घेता त्यांच्या जागेवर बांधून बसवावं. डोंगरावरच्या कुठल्याही वाहनात धोका शून्य नसतो. मनात धाकधूक असेल तर गाडी न घेता खालच्या टोकाकडची पायवाट चालून या, त्यात काही कमीपणा नाही.

पार्किंगमधून बर्फ इतका जवळ दिसतो. आपलं आपण जाऊन पाय ठेवला तर?

नको. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

खालच्या पार्किंगपासून हिमनदीच्या टोकाकडे पायवाट जाते, तिला तिकीट नाही आणि ती सगळ्यांसाठी खुली आहे. वाटेच्या शेवटी अडथळा आणि इशाऱ्याच्या पाट्या आहेत. उन्हाळ्यात रोज कोणी ना कोणी तो ओलांडून पुढे जातं आणि त्याला पाहून मागचे चार जण जातात. समोरचा बर्फ सपाट, राखाडी, निरुपद्रवी दिसतो. त्यात चालण्यासारखं काही अवघड वाटतच नाही, फसगत होते ती इथेच.

भेगेवर कधी कधी हिमाचा पातळ पूल तयार झालेला असतो. वरून तो आजूबाजूच्या जमिनीसारखाच दिसतो, पण माणसाचं वजन पेलत नाही. भेग वर रुंद आणि खाली निमुळती असते. पडलेला माणूस खाली जाऊन दोन भिंतींच्या मध्ये घट्ट अडकतो. अंगाच्या उबेने लगतचा बर्फ वितळतो आणि तो आणखी खाली सरकून आणखी घट्ट रुततो. वरून बर्फाचं पाणी अंगावर पडत राहतं. अशा अवस्थेत शरीराचं तापमान झपाट्याने उतरतं आणि बचाव पथक पोचायला वेळ लागतो, कारण हा भाग शहरापासून दूर आहे आणि मोबाईलला रेंजही नसते. या हिमनदीच्या खालच्या भागात भेगेत पडून माणसं दगावली आहेत, त्यांत लहान मुलंही होती.

टोकाशी दुसरा धोका म्हणजे खालून पोखरलेला बर्फ. वितळलेलं पाणी तळाशी बोगदे करतं आणि वरचं छत कधी कोसळेल ते बाहेरून कळत नाही. म्हणून अडथळ्याच्या अलीकडे थांबा. पुढे जायचं असेल तर गाईडबरोबर जा. गाईड त्या भेगा जवळजवळ रोज पाहतात, आठवड्यात कुठली रुंदावली आणि कुठला पूल खचला हे त्यांना ठाऊक असतं.

पायी टूरमध्ये नक्की काय होतं?

आधी एकत्र जमायचं, सामान घ्यायचं आणि जबाबदारीच्या कागदावर सही करायची. तो कागद नीट वाचा, धोके कोणते ते त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. मग दगडगोट्यांच्या वाटेने बर्फाच्या काठापर्यंत चाल. ही सुटे दगड असलेली वाट नवख्या माणसाला बर्फापेक्षा जास्त दमवते, त्यामुळे बूट घोट्याला आधार देणारे हवेत.

काठावर क्रॅम्पॉन बांधतात. गाईड स्वतः प्रत्येकाचे पट्टे तपासतात. मग एका ओळीत, गाईडच्या पावलांमागे चालायचं. ते वाट वाकडी करून नेत असतील तर त्याला कारण असतं, मधून आडवं जाऊन वेळ वाचवू नका. मे-जूनमध्ये भेगा नव्या हिमाखाली झाकलेल्या असतात, तेव्हा गाईड काठीने हिम चाचपत जास्त सांभाळून नेतात आणि गरज असेल तर सगळ्यांना दोराला बांधतात. जुलै ते सप्टेंबरमध्ये बर्फ उघडा पडतो आणि भेगा स्पष्ट दिसतात.

क्रॅम्पॉन घालून चालणं जमेल का?

पंधरा मिनिटांत जमतं. आपल्याला टाच टेकवून पाऊल पुढे ढकलायची सवय असते, ती इथे सोडायची. पूर्ण तळवा एकदम टेकवा म्हणजे सगळे दात बर्फात रुततात. पावलं छोटी ठेवा. दोन्ही पायांत जरा अंतर राहू द्या, नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतात, आणि बर्फावर तोंडघशी पडण्याचं हेच नेहमीचं कारण. उतरताना गुडघे किंचित वाकवा, मागे रेलू नका. हातमोजे उन्हातही काढू नका, कारण उघडा बर्फ खरखरीत असतो आणि पडल्यावर हात टेकला की तळवा सोलवटून निघतो.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. उंचीचा त्रास होईल का?

डिस्कव्हरी सेंटर समुद्रसपाटीपासून साधारण २००० मीटरवर आहे आणि गाडी जिथे नेते ती जागा त्याहून थोडी वर. कळसूबाई १६४६ मीटर आहे, म्हणजे फरक फार नाही. लेह-लडाखसारखा विरळ हवेचा त्रास इथे बहुतेकांना होत नाही. पण हृदयविकार, दमा किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा. ज्येष्ठांचा प्रवास विमा अशा टूरला लागू आहे का, तेही पाहून घ्या.

गुडघ्यांचं म्हणाल तर गाडीच्या पायऱ्या उंच आहेत आणि उतरल्यावरचा बर्फ ओला, निसरडा असतो. हाताला धरायला माणूस हवं. काठी असेल तर जरूर न्या. ज्यांना खाली उतरायचं नाही ते गाडीतच बसून मोठ्या काचांतून पाहू शकतात.

कपडे काय घालायचे? आई साडीच नेसते.

हिमनदीवरची थंड हवा जड असते, ती उताराने खाली वाहते. त्यामुळे पार्किंगमध्ये टी-शर्टवर छान वाटत असतं आणि बर्फावर पाय ठेवताच बोचरा वारा लागतो. जुलैतही तिथे हिम पडू शकतं. आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, कानटोपी आणि हातमोजे एवढं प्रत्येकाकडे असावं. पायी जाणाऱ्यांनी जीन्स टाळावी, ती भिजली की वाळत नाही.

साडीबद्दल: गाडीच्या सहलीला नेसून जाता येतं, पण काठ ओले होतात आणि पायऱ्यांवर पायात येतात. आत थर्मल, साडी घोट्याच्या वर आणि पायात पक्क्या तळव्याचे बूट, अशी तयारी करा. चपला-सँडल अजिबात नकोत. पायी टूरला मात्र साडी, ओढणी, सैल सलवार काहीच चालणार नाही. क्रॅम्पॉनचे दात कापडात अडकले की माणूस पडतोच.

गॉगल आणि सनस्क्रीन सगळ्यांना हवं. बर्फावरून ऊन परावर्तित होऊन खालूनही लागतं, म्हणून हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा.

लहान मुलांना नेता येईल का?

गाडीच्या सहलीला नेता येतं. पायी टूरला किमान वयाची अट असते, ती बुकिंग करताना पाहा. बर्फावर आखलेल्या जागेतही मुलांचा हात सोडू नका.

कधी जावं?

टूर साधारण मे ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतात. जुलै-ऑगस्टमध्ये हवा सगळ्यांत उबदार आणि गर्दीही सगळ्यांत जास्त. मला सप्टेंबरचा पहिला पंधरवडा आवडतो. बर्फ उघडा असतो, भेगा आणि पाण्याचे ओहळ नीट दिसतात आणि सकाळच्या टूरला माणसं कमी असतात. अलीकडच्या उन्हाळ्यांत वणव्यांचा धूर हा नवा विषय झाला आहे. जुलै २०२४ मध्ये जास्पर गावाचा मोठा भाग वणव्यात जळाला. निघण्याआधी रस्ता आणि हवेची स्थिती पाहा, आणि धूर दाट असेल तर दम्याच्या माणसांना नेऊ नका.

वर गेल्यावर पाहायचं काय?

रंग बघा. भेगांच्या आत बर्फ निळा दिसतो, कारण दाबाने हवेचे बुडबुडे निघून गेलेला घट्ट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषतो आणि निळा आपल्यापर्यंत पोचतो. वरचा थर बुडबुड्यांमुळे पांढरा आणि धुळीमुळे मळकट असतो.

पृष्ठभागावरून वाहणारे ओहळ कुठे जातात ते गाईडला विचारा. पाणी वाहत वाहत एखाद्या उभ्या विवरात कोसळतं आणि हिमनदीच्या पोटात नाहीसं होतं. सुरक्षित अंतरावरून पाहिलं तरी त्याचा आवाज छातीत जाणवतो.

मग दोन्ही बाजूंना नजर टाका. शाळेच्या भूगोलात पाठ केलेले पार्श्व हिमोढ, अंत्य हिमोढ, हिमगव्हर सगळे इथे डोळ्यांसमोर आहेत. बाजूचा मातीदगडांचा तो उंच बांध हिमनदीनेच रचला आहे. त्याचा माथा बघा आणि मग आजचा बर्फ किती खाली आहे ते बघा. एके काळी बर्फ त्या माथ्यापर्यंत होता. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी वहीत हिमनदीचं चित्र काढायला लावा, मग वर नेऊन एकेक भाग ओळखायला सांगा.

ती वितळते आहे म्हणतात, किती?

१८४४ च्या सुमारास अथाबास्काचा बर्फ आज जिथे महामार्ग आहे त्याच्याही पलीकडे पोचलेला होता. तेव्हापासून तिचं टोक दीड किलोमीटरहून जास्त मागे हटलं आणि निम्म्याहून अधिक बर्फ गेला. खालच्या पायवाटेवर कुठल्या वर्षी बर्फ कुठे होता हे दाखवणाऱ्या पाट्या रोवल्या आहेत. १९८२ ची पाटी ओलांडली, १९९२ ची ओलांडली, तरी बर्फ अजून पुढेच असतो. आपल्या घरातल्या माणसांच्या जन्मवर्षांच्या आसपास तो कुठे होता ते शोधत चाला. आकडे वाचून कळत नाही ते या वाटेवर कळतं. म्हणून गाडीची सहल घेणाऱ्यांनीही ही वाट सोडू नये, असा माझा आग्रह आहे. दोन गोष्टींपैकी एकीलाच वेळ असेल तर दरीवर काढलेल्या काचेच्या तळाच्या स्कायवॉकऐवजी ही वाट निवडा.

मग आपण जाऊन तिचं नुकसान करत नाही का?

प्रश्न रास्त आहे. बर्फ घटण्याचं मूळ कारण वाढतं तापमान आहे, बर्फावर उभी राहिलेली माणसं नव्हेत. वणव्यांची काजळी आणि धूळ बर्फावर बसली की तो काळवंडतो, ऊन जास्त शोषतो आणि आणखी वेगाने वितळतो. पण गाड्यांना इंधन लागतं आणि बर्फावरचा रस्ता सतत दुरुस्त करावा लागतो, हेही खरं. मी मनाशी असं ठरवलं आहे की चालता येईल तोवर पायी जायचं, शहरातून येताना एका गाडीत चार-पाच माणसं भरून यायचं, आणि वर काहीही सांडायचं नाही. संत्र्याची सालसुद्धा परत आणायची, कारण त्या थंडीत ती कुजत नाही.

हिमनदीचं पाणी पिऊन पाहू का?

गाईड म्हणतील तिथलंच, आणि तेही चवीपुरतं. बर्फ स्वच्छ दिसला तरी त्यात पक्ष्यांची घाण, धूळ, सूक्ष्मजंतू असू शकतात. ज्येष्ठांनी आणि लहानांनी आपली बाटली बरोबर ठेवावी.

खाणं, स्वच्छतागृह, पेट्रोल?

डिस्कव्हरी सेंटरमध्ये खाणं आणि स्वच्छतागृह आहे, बर्फावर नाही. निघण्याआधी सगळ्यांनी जाऊन या. शाकाहारी पर्याय मोजकेच, म्हणून थालीपीठ, दशम्या, चटणी-सँडविच घरूनच न्या. थंडीत भूक जास्त लागते. खाणं गाडीत बंद ठेवा, हा अस्वलांचा मुलूख आहे. टाकी लेक लुईज किंवा जास्परला भरा. मध्ये सस्कॅचेवन रिव्हर क्रॉसिंगला पंप आहे, पण हंगामाबाहेर त्याच्यावर विसंबू नका. मोबाईलला बऱ्याच भागात रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून घ्या.

आपल्या हिमालयात असं का करता येत नाही?

वेगळ्या तऱ्हेने करता येतं. गंगोत्रीपासून गोमुखची चाल साधारण १८ किलोमीटर आहे, परवाना लागतो आणि रोज १५० जणांनाच सोडतात. तिथे हिमनदीच्या मुखाच्या अगदी जवळ जाऊ नये, बर्फाचे कडे कोसळतात. बर्फावर चालण्याचं खरं शिक्षण हवं असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचे किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटचे अभ्यासक्रम आहेत. महाराष्ट्रातले कित्येक गिर्यारोहक तिथेच शिकले. अथाबास्काला कसलंही प्रशिक्षण नसलेला माणूस दुपारपुरता हिमनदीवर जाऊ शकतो, हा मोठा फरक आहे.

बुकिंग कसं करायचं, आणि हवा बिघडली तर?

जुलै-ऑगस्टसाठी काही आठवडे आधी करा. पायी टूरच्या जागा लवकर भरतात, कारण गट छोटे असतात. दाखवलेल्या किमतीवर ५ टक्के कर येतो. नॅशनल पार्कचा प्रवेश पास बहुधा तिकिटात धरलेला नसतो. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून ओळखीच्यांनी दोन वर्षांपूर्वी किती दिले यावर हिशेब मांडू नका.

नुसत्या पावसाने टूर सहसा रद्द होत नाही. वीज कडाडत असेल, वारा फार असेल किंवा दृश्यमानता गेली असेल तर गाईड मागे फिरतात, कधी अर्ध्या वाटेतूनही. तिकीट काढलंय म्हणून त्यांच्याशी हुज्जत घालू नका. पैसे परत मिळण्याचे किंवा तारीख बदलण्याचे नियम बुकिंगच्या वेळीच वाचून ठेवा, आणि जमलं तर टूर मुक्कामाच्या पहिल्या दिवशी घ्या, म्हणजे रद्द झालीच तर दुसरा दिवस हातात राहतो.